चांदण्याच्या तबेल्यातले डास

ऑक्टोबर १९६२, दसऱ्यानंतरचा आठवडा. ठिकाण – शहापूरहून शेणव्याकडे जाताना लागणारं गावातलं शेवटचं घर. हजर – मी, आमच्या जीपचा ड्रायव्हर तुकाराम, घरमालकीण हौसाबाई आणि तिचा मुलगा काशिनाथ. पाचवा कोणी हजर होता का, हे मला आजही सांगता येत नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. ज्या वडाखालून लोक घाईघाईने जातात, तिथे बसून मी डबा खातो. आमचं काम डास आणि गोचिडांचं. मुरबाड-शहापूरच्या रानात पांढरं फडकं ओढत गोचीड गोळा करायचे, घराघरांतून डास धरायचे आणि त्यांच्यामार्फत कोणते विषाणू पसरतात हे शोधणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवायचे. सामान, नंबर, टपाल हे सगळं माझ्याकडे.

रक्त पिऊन फुगलेला डास सकाळी अंधाऱ्या भिंतीवर गप्प बसून असतो. त्याला काचेच्या नळीत ओढायचं, पोट टिपकागदावर दाबायचं, डागाशेजारी नंबर टाकायचा. ते रक्त माणसाचं, गाईचं की आणखी कुणाचं, हे प्रयोगशाळेत कळतं. दोन-तीन दिवसांत डास ते पचवून टाकतो... म्हणजे डाग नेहमी ताज्या रक्ताचाच.

हौसाबाईचा नवरा आसनगाव स्टेशन ते शहापूर टांगा हाकायचा. तो वारला, आणि पुढच्याच उन्हाळ्यात घोडाही गेला. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून त्याचं नाव चांदण्या. घरामागचा तबेला तेव्हापासून रिकामा. मी आत शिरलो तर भिंतीवर डासच डास – सगळे तांबडे, टम्म. आणि गव्हाणीत हिरवं गवत.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

"आईला विचारा," काशिनाथ दारातून म्हणाला. "मला इथं पिठाची गिरणी बसवायचीय. ही घोडा बांधायच्या खांबाला हात लावू देत नाय. अख्खं शहापूर हसतंय, साहेब."

"हसू दे रे. त्यांच्या बापाचं गवत नाय," हौसाबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दादा, तो येतो. सांजच्याला शेपटी आपटतो, मच्छर हाकलायला. मी ऐकते ना!"

तुकाराम हसला. "मावशे, मच्छर तुलाच चावतात आन निजायला इथं येतात."

"मी गोधडी डोक्यावरून घेते, शहाण्या! माझं नाकसुद्धा बाहेर नसतं." तिने माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "ह्याच्यावर कळंल ना, रगत कुणाचं ते? आमचं निघालं तर मीच खांब उपटून देईन. त्याचं निघालं तर ह्यानं गिरणी दुसरीकडं बसवायची."

"घोड्याचं निघालं तर गवतसुद्धा मीच आणीन," काशिनाथ म्हणाला. दोघांनी मला साक्षीला धरलं. निकाल आला की सांगतो, असा शब्द मी दिला.

निकाल आला. तबेल्यातले सगळे डाग – घोडा.

पहिला संशय मी माझ्याच नंबरांवर घेतला. नंबर बरोबर होते. मग घोडा शोधायला निघालो. एस.टी. आल्यापासून टांगे बंद पडलेले; आसनगाव, शहापूर, पार कसाऱ्यापर्यंत विचारलं, एकही उरला नव्हता. धनगरांची मेंढरांमागची तट्टं घाटावरून उतरतात ती दिवाळीनंतर. वरातीचा घोडा म्हणावा, तर तुळशीचं लग्नही अजून लागलेलं नव्हतं!

आमचे डॉक्टर म्हणाले, "पुन्हा पाठवा." या वेळी आजूबाजूच्या घरांतले डाग मी तबेल्यातल्या डागांत मिसळले. कुठला नंबर कुठला, हे फक्त मला माहीत. घरांतले डाग आले माणसाचे आणि गाईचे. तबेल्यातले – पुन्हा घोडा.

"आणखी एकदा," डॉक्टर म्हणाले. "तोवर बाईंना काही बोलू नका."

तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम आदल्या संध्याकाळीच गेलो. बाह्या दुमडून तबेल्यात उभा राहिलो. शेपटीचा आवाज वगैरे काही आला नाही. पण डास... माझ्या कानाजवळून गुणगुणत जात होते आणि गव्हाणीच्या बाजूला गोळा होत होते. हवेत, घोड्याच्या पाठीच्या उंचीवर. मला एकही चावला नाही. सकाळी भिंतीवरचे सगळे टम्म फुगलेले.

ते डाग पाठवणार, तोच कळलं की घोड्याचं रक्त ओळखायचं सीरम संपलं आहे. नवीन येईपर्यंत थांबा.

तेव्हापासून त्या रस्त्याने जीप गेली की काशिनाथ हात करून विचारायचा, "काय साहेब, घोडा पास का नापास?" "यायचाय निकाल," मी सांगायचो. हौसाबाई आतून ओरडायची, "घाई नाय हो, दादा!" मागच्या महिन्यात तो सायकलवरून येताना दिसला, कॅरिअरला गवताचा भारा. तुकारामने जीप थांबवली. "काय रे, निकालाआधीच हरलास?"

"आईचे गुडघे दुखतात," काशिनाथ म्हणाला आणि भलतीकडेच बघायला लागला.

यावर मी डॉक्टरांना विचारलं, पुस्तकं चाळली, तुकारामचे तर्कही ऐकून घेतले. उत्तर नाही. कुणा वाचकाकडे असेल तर जरूर कळवावं.

नवीन सीरम गेल्या आठवड्यात आलं. तिसरा कागद पाकिटात घातला आहे, पत्ता लिहिला आहे, तिकीटही लावलं आहे. आजच्या कामांपैकी तेवढं टपालात टाकायचं राहिलंय. कालच्या आणि परवाच्या कामांपैकीही तेवढंच.