मुठीतली ऊब

दातांच्या डॉक्टरबाई बधिर करायच्या औषधाची कुपी मुठीत घट्ट धरून उभ्या होत्या. खुर्चीचे हात आवळून मी म्हणालो, "टोचा ना एकदाचं!"

"थांबा हो, गार औषध जास्त झोंबतं."

मग माझा गाल हलवत त्यांनी सुई टोचली आणि औषध अगदी सावकाश सोडलं. माझ्या घाईला त्यांनी भीक घातली नाही. दुखणारी गोष्ट झटकन उरकावी, असं मला आजवर वाटायचं. मामाचा वाईट रिपोर्ट आईला मी तसाच सांगणार होतो, दारात चपला काढता काढता.

घरी आईने विचारलं, "दुखलं का रे?"

बधिर ओठांनी मी "नाही" म्हणालो, शेजारी बसलो आणि काही बोलण्याआधी तिचा गार हात मुठीत धरला.