आठवीच्या वर्गातली पहिली लोकसभा

आठवीला संसदेचा धडा नुसता वाचून दाखवायचा मला कंटाळा आला होता, म्हणून एके दिवशी वर्गातच पहिली लोकसभा भरवली. मोहाडीजवळच्या खेड्यातली आमची शाळा, वर्गात एकवीस मुलं, त्यांत चौदा मुली. त्या पहिल्या सभागृहात सरकारकडे पुष्कळ माणसं होती आणि विरोधक थोडे, विखुरलेले. म्हणून सोळा जणांना सरकारच्या बाकांवर बसवलं, चौघांना समोर. अध्यक्ष केलं ढिवरांच्या मुलीला. आईबरोबर बाजारात मासे विकते, आवाज खणखणीत.

विधेयक मीच निवडलं : वडिलांच्या मालमत्तेत मुलीला वाटा. त्या काळी संसदेत यावर खूप वाद झाला होता. आमच्याकडे मात्र ते सहज मंजूर होईल असं मी धरून चालले होते.

मंत्री झालेल्या मुलाने विधेयक मांडलं. विरोधकांनी जरा गोंधळ घातला. मग सरकारी बाकावरची एक मुलगी उठली. वर्षभरात तिचा आवाज मी क्वचितच ऐकला होता.

"अध्यक्ष महोदया, माह्या विरोध हाये."

"अवो, तू त सरकारातली हायेस!" मंत्री ओरडला.

"असन. पण वाटा मांगितला त भाऊ नाराज होते. मंग दिवाळीले मले माहेरी कोन बोलावन?"

कोणी हसलं नाही. मतदान घेतलं. बाजूने असलेले खिडकीकडे, विरोधातले दाराकडे. दोघी सोडून सगळ्या मुली दाराकडे गेल्या. विधेयक पडलं.

बाकं सरळ करताना अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "मॅडम, तुमी घेतला का वाटा?"

"नाही. सही करून दिली."

"मंग भाऊ बोलावते ना तुमाले?"

"हो," मी म्हटलं. ते खोटं होतं.

वडील गेले त्या वर्षी मी हक्कसोडपत्रावर सही केली. लग्न केलं नव्हतं, नोकरी होती. शेत घेऊन मी काय करणार, असं वाटलं होतं. पहिल्या दिवाळीला बोलावणं आलं, दुसऱ्या वर्षी नुसता फोन. पुढे तोही थांबला. मीही कधी केला नाही.

त्या रविवारी भंडाऱ्याला बस बदलून एकोडीला भावाकडे गेले. धानाची कापणी चालू होती, भाऊ शेतात, धानाच्या बांधीत होता. वहिनीने खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "काही काम होतं का ताई?"

"नाही. सहजच आले."

तासाभराने भाऊ आला. पाय धुतले, समोर बसला. शाळा कशी चालली म्हणाला, मी बरी म्हटलं. लहानपणी आम्ही दोघं एका ताटात जेवायचो. आता बोलायला विषय सापडत नव्हता. जेवून जा, असं वहिनी म्हणाली, पण चूल थंड होती. मी बसची वेळ सांगितली.

भाऊ गाडीवरून फाट्यापर्यंत सोडायला आला. बस दिसली तेव्हा म्हणाला, "पुढच्या वेळी फोन करून येत जाय. आमी घरी असतोच असं नाई."

"बरं," म्हणून मी चढले. खिडकीजवळ जागा मिळाली. तो थांबला असेल म्हणून मागे वळून पाहिलं. गाडी वळवून तो निघालाही होता.