डॉक्टरांच्या सहीची कोरी चिठ्ठी

नोकरीतल्या बऱ्याच केसेस मी विसरलो. वारजेतल्या त्या कबड्डी लीगची केस आठवली, की मात्र आजही माझं डोकं फिरतं.

तेरा वर्षांची मुलगी सायंकाळच्या सामन्यात मैदानातच कोसळली. रुग्णालयातून वर्दी आली आणि ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत 'खेळताना अपघाती दुखापत' अशी नोंद घेतली. मुलगी अतिदक्षता विभागात बेशुद्ध होती. प्रकरण तिथेच मिटलं असतं.

दुसऱ्या दिवशी लीगच्या गुणलेखकाचा फोन आला. गृहस्थ निवृत्त शिक्षक.

"अहो साहेब, मुलगी सायंकाळी नाही, दुपारच्या सामन्यातच पडली होती. दुसरीचा गुडघा कानशिलावर बसला, उलटीसुद्धा झाली. तोंडावर पाणी मारलं आणि सायंकाळी पुन्हा उतरवली. माझ्या गुणपत्रिकेत वेळ लिहिलेली आहे, आपण येऊन बघा."

प्रशिक्षकाला ठाण्यात बोलावलं. गडी अगदी निवांत.

"साहेब, आमच्याकडे सगळं नियमाने चालतं. डोक्याला लागलं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय खेळाडू मैदानात उतरत नाही. ही घ्या तिची चिठ्ठी."

चिठ्ठीवर मुलीचं नाव होतं, 'खेळण्यास योग्य' असा शेरा होता, सही होती, शिक्का होता.

"डॉक्टर मैदानावर होते?"

"होते की."

"कुठे बसले होते?"

आता गडी छताकडे बघू लागला. मी पंचनाम्यासाठी पंच बोलावले आणि त्यांच्यासमोर त्याची बॅग उघडली. शिट्टी, गुडघ्याचे पट्टे आणि तळाशी चिठ्ठ्यांचं पुस्तक. उरलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर शेरा, सही, शिक्का तयार. नावाची जागा तेवढी कोरी! दर सामन्याला डॉक्टरांना कोण बोलावणार, म्हणून मोसमाच्या सुरुवातीलाच सह्या घेऊन ठेवायची यांची पद्धत होती.

डॉक्टरांना विचारलं, तर ते माझ्यावरच उलटले. "त्यात काय एवढं? तुमच्याकडेही कोऱ्या कागदावर पंचांच्या सह्या घेतातच ना?"

माझा हात उठायचा तेवढा राहिला. राग त्यांच्यावर होता तेवढाच स्वतःवरही होता, कारण ते खोटं बोलत नव्हते. घाईच्या दिवशी तसे कागद मीही चालवून घेतले होते.

दोघांवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल केला. मुलगी वाचली. तीन महिन्यांनी महिला अंमलदाराला सोबत घेऊन जबाबासाठी तिच्या घरी गेलो. आई शेजारी बसली होती. मुलगी एकेक शब्द शोधत बोलत होती.

"मला समोरची एकच मुलगी दोन दिसत होती. मी सरांना सांगितलं."

"मग सर काय म्हणाले, बाळ?"

"म्हणाले, मग दोघींनाही पकड. सगळे हसले."

अंमलदाराचं पेन थांबलं. आईने तोंड फिरवलं. त्या क्षणी प्रशिक्षक माझ्यासमोर नव्हता हे बरंच झालं.

कागद पुरा झाला म्हणजे काम झालं असं मानणारा माणूस गुन्हेगाराइतकाच घातक असतो, मग तो खाकीत का असेना, हे मी त्या घरात शिकलो. लीगची छापील नियमावली माझ्या फाईलमध्येच होती. तिचं पहिलं कलम असं: डोक्याला मार लागल्यास खेळाडूने ताबडतोब प्रशिक्षकास सांगावे. एवढ्या शहाण्या माणसांत नियम पाळला तो त्या एकट्या पोरीने.