साखळीमागच्या आजी

बेल वाजवली की आतून खणखणीत आवाज यायचा, "घरात कोनी नाय."

आणि लगेच, "काय आनलंस?"

गोखिवऱ्याला आमच्या समोरच्या खोलीत सासू-सून भाड्याने आल्या होत्या, खाडीकाठच्या कुठल्या गावातून. दारावर पाटी नाही, गॅलरीत वाळत घातलेलं लुगडं नाही. दार उघडायचं ते साखळीपुरतं, चार बोटं. सून आत बसून ब्लाउजना हुक लावायची. आजींचं काम म्हणजे घरात कोणी नसल्याचं जाहीर करणं. लपायच्या कामात इतकं कच्चं माणूस, तुम्हाला सांगते, मी दुसरं पाहिलं नाही.

मी दिलेली वाटी त्या फटीतून तिरकी करून आत घ्यायच्या. दोनदा रस्सा सांडला, तेव्हापासून मी सुकी भाजीच नेऊ लागले. वाटी परत यायची ती चिमूटभर साखर घालून. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. वर शेरा असायचाच, "मीठ कमी हाय."

"घरात कोणी नाही ना आजी? मग चाखलं कोणी?"

आत खुदकन हसू फुटायचं.

एकदा सुनेनेच सांगितलं. नवरा मारायचा. एक दिवस सासूच तिला म्हणाली, "चल, मीबी येते." म्हणजे आजी पोटच्या पोरापासून लपल्या होत्या. त्यानंतर मी त्यांना हळू आवाजात चिडवू लागले.

मग एका दुपारी तो आला. मोबाइलवर आजींचा फोटो दाखवत मजले चढत होता. त्याने समोरची बेल दाबली आणि मी माझ्या दारात आले. आता आतून ते वाक्य येणार.

आलं नाही.

"आई," तो म्हणाला. "आई, मी आलोय गं."

त्याने पुन्हा बेल दाबली.

"घरात कोणी नाही," मीच म्हणाले. "खोली कधीची बंद आहे." मला खोटं बोलता येत नाही म्हणतात. त्या दिवशी आलं.

तो गेला. खात्री करून मी हळूच दार वाजवलं. चार बोटांच्या फटीत आजींचा एक डोळा दिसला.

"बारीक झालाय काय गो?"

"नाही आजी. चांगला धडधाकट आहे," मी म्हटलं. त्या दिवसातलं दुसरं खोटं.

सकाळी समोर कुलूप होतं. माझ्या उंबऱ्यावर वाटी ठेवलेली, काठोकाठ साखरेने भरून.