रखमीचा माफीनामा

रखमी आगिवलेला आमच्या शाळेत कुणी कधी मॅडम म्हटलं नाही. बालवाडीवर चार महिन्यांसाठी आलेली पोरगीसुद्धा मॅडम, आणि सात वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळणारी रखमी ही नुसती रखमी. "रखमी, किल्ली आण. रखमी, प्रिंट काढ." मीही तशीच हाक मारायचो. मी गणिताचा मास्तर आणि कागदोपत्री लॅबचा प्रमुख. कॉम्प्युटरचं बटण कुठे असतं एवढंच मला ठाऊक. हे लिहिताना जो संताप येतोय तो पहिला स्वतःचाच येतोय, म्हणून तिथूनच सुरुवात केलेली बरी.

शेणवे गावाच्या वर डोंगराच्या पोटाला ठाकूरवाडी आहे, तिथली ती. आश्रमशाळेत दहावी, मग शहापूरला आयटीआयमध्ये कॉम्प्युटरचा कोर्स. नवरा कसाऱ्याला हायवेच्या कामावर. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत ती रजा टाकून चिखलात उतरायची आणि परत यायची तेव्हा नखांत माती तशीच असायची. जीभ तिखट. "सर, तुमी नुसती सही करा, बाकी मी बगते," असं ती मला तोंडावर म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचो. खरं तर सात वर्षं मी दुसरं काही केलंच नव्हतं.

जानेवारीत गोष्ट गळ्याशी आली. टायपिंगच्या सरकारी परीक्षेचं केंद्र आमच्या शाळेला मिळणार होतं, पण अट अशी की दहा मशीनं नेटवर चालू हवीत आणि जुनं विंडोज चालणार नाही. तपासणी सोमवारी. नाही जमलं तर मुलींनी दोन गाड्या बदलून मुरबाडला जायचं, तेही दोन दिवस. अकरा मुली बसणार होत्या. त्यातल्या भूमिकाचा बाप मला शाळेच्या फाटकातच सांगून गेला, "सर, इथं झाली तर झाली परीक्षा. मुरबाडला मी पोरीला धाडायचा नाय. बास झाला शिकणं." तो बोलला, बाकीच्यांचे बाप बोलले नाहीत, एवढाच फरक.

मशीनं बारा वर्षांची. नवीन विंडोज त्यांना पेलवेना. संस्थेचे सचिव दिपेशभाऊ, वडिलांच्या पश्चात त्यांच्या खुर्चीत बसलेले. ते म्हणाले, "भंगारात काढा." रखमी म्हणाली, "विंडोजच्या जागी लिनक्स टाकते. आयटीआयच्या सरांनी पेनड्राइव्ह दिलाय." आयुष्यात पहिल्यांदाच ती हे करत होती, पण तिने दोन दिवसांत दहाच्या दहा मशीनं उभी केली. पडदे उजळले, मुली टाळ्या वाजवायला लागल्या. फक्त नेट येईना.

दोन मशीनांना नेटवर्क कार्ड मागाहून वेगळं बसवलेलं होतं. लिनक्स ते कार्ड ओळखतच नव्हतं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नेटवरून उतरवायचा, म्हणजे नेट चालू करायला आधी नेट पाहिजे! आमच्याकडे मोबाइलला रेंज मिळते ती हेडमास्तरांच्या केबिनच्या खिडकीत. रखमीने मशीन उचलून तिथे नेलं, फोन वायरीने जोडला आणि ड्रायव्हर उतरवून घेतला. हेडमास्तर पूर्ण वेळ कपाळाला आठ्या घालून बसले होते, जणू तिने केबिनमध्ये म्हैस आणून बांधली होती. त्या दोन मशीनांवर नेट आलं.

उरलेली आठ मात्र ढिम्म. त्यांची कार्डं लिनक्सला दिसत होती, पण पडद्यावर अक्षरं यायची 'नो कॅरिअर'. रखमी म्हणाली, "कार्ड चांगला हाय सर. ह्याचा म्हणणा असा, की वायरीतनं पलीकडचा काय ऐकूच येत नाय. खोट वायरीत नायतर भोकात." मी म्हटलं, "चार वर्षांपूर्वी कंत्राटदाराने नव्या वायरी टाकल्यात, त्या कशा खराब होतील?" खरं म्हणजे टाकल्यापासून त्या वायरी गुंडाळूनच पडलेल्या होत्या. एका मशीनला डोंगल लावून आमचं भागत होतं, म्हणून कुणी जोडून पाहिल्याच नव्हत्या.

शुक्रवारी दिपेशभाऊंनी शहापूरहून भावेश नावाचा दुकानदार आणला. त्याने एकही मशीन मागून पाहिलं नाही. खुर्चीवर बसला, दोन कळा दाबल्या, चहा प्यायला आणि म्हणाला, "लिनक्समुळे आठ कार्डं गेली. नवीन मशीनं घ्या." मशीनं अर्थात त्याच्याच दुकानातून घ्यायची होती. दिपेशभाऊ खूश झाले, कारण त्यांना नवीन मशीनांसोबत लॅबमध्ये मेहुण्यालाही बसवायचं होतं. रखमीला ऑफिसात बोलावलं. "कबूल कर आणि लिहून दे. नाहीतर आत्ताच घरी जा, सोमवारी येऊ नको."

सोमवारी ती नसली तर मशीनांना हात लावणारं कुणी नव्हतं. तिने कागद ओढला. पेन हातात धरून ती माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं असेल, सर काही बोलतील. मी बोललो! मी मजकूर सांगितला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे संस्थेच्या आठ संगणकांची सामग्री निकामी झाली, याबद्दल मी क्षमाप्रार्थी आहे.' शुद्ध, सुबक मराठी. निष्काळजीपणातला ष पोटफोड्या, हेही मीच सांगितलं. क्लार्कने त्यावर आवक क्रमांक टाकला.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर ती एकटी लॅबमध्ये गेली. मी रजिस्टर विसरलो म्हणून मागे आलो, तर ती जमिनीवर बसून मशीनच्या पाठीमागच्या भोकात मोबाइलचा उजेड पाडत होती. हातात दाभण. दाभणाच्या टोकाने तिने काहीतरी खरवडून तळहातावर घेतलं. लाल-पिवळा खडा, आणि त्यात रुतलेला तांदळाचा दाणा.

हळदकुंकू होतं ते. अक्षतांसकट.

आमच्याकडे खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या तराजूपासून घंटेपर्यंत सगळ्याची पूजा होते. लॅबची पूजा प्रमुख म्हणून माझ्याकडे. टेबलं अशी मांडलेली की मशीनांची पाठ वाटेकडे येते. त्या पाठीत एक रिकामं चौकोनी भोक. मला वाटलं, वायरी आत जातात तिथेच यंत्राचा जीव असणार. ओलं बोट कुंकवात बुडवून मी ते प्रत्येक भोकात चांगलं दाबून फिरवायचो, वर अक्षता. असे चार दसरे. ती दोन चालू झालेली मशीनं का वाचली? त्यांच्या वेगळ्या कार्डांची भोकं खाली जमिनीलगत होती, आणि माझा गुडघा वाकत नाही!

रखमीने तळहात माझ्यापुढे धरला. मग म्हणाली, "सायन्सच्या लॅबमधनं स्पिरिट आणा. आणि जुना टूथब्रश."

मी धावत जाऊन आणलं. संध्याकाळपर्यंत तिने आठही भोकं घासली, आतल्या पितळी तारा एकेक दाभणाने सरळ केल्या. एकेका मशीनचा हिरवा दिवा लागत गेला. सोमवारी तपासणीचे साहेब आले, दहाही मशीनं नेटवर होती. केंद्र मंजूर झालं. दिपेशभाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून साहेबांना म्हणाले, "हे आमचे सर. लॅब यांनीच उभी केली." रखमी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी तोंड उघडलं नाही. लाज वाटत होती म्हणून उघडलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. चारचौघांत हसू होईल याची भीती होती. अशा भित्र्या माणसाला पस्तीस वर्षं पोरांनी उठून नमस्ते केलं, याची मला आज चीड येते.

अकराही मुली परीक्षेला बसल्या. भूमिका पहिल्या झटक्यात पास झाली. आणि एप्रिलमध्ये रखमीला काढलं. कारण: सामग्रीचं नुकसान, स्वतःचा लेखी कबुलीजबाब सोबत जोडला आहे.

तेव्हा मात्र मी दिपेशभाऊंकडे गेलो आणि हळदकुंकवाचं सगळं सांगितलं. ते हसले. "सर, वर्षभरात रिटायर होताय. पूजा संस्थेची, देवाचं नाव कशाला मध्ये आणता? आणि वाडीवर जाणारच असाल तर तिने मशीनांना घातलेला पासवर्ड घेऊन या. मशीनं उघडत नाहीत, मेहुणा नुसता बसून आहे."

मी वाडीवर गेलो. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, कारण दारात आलेल्याला पाणी देतात, आणि उभ्यानेच विचारलं, "माफी मागायला आलाव का पासवर्ड मागायला?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"तवा बोलायचा होता सर. त्या टेबलावर. मी तुमच्या तोंडाकडं बगत होते." तिचा आवाज चढला, डोळे भरले आणि त्याचाही तिला राग आला. पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "पासवर्ड तुमाला देते. पोरींची पुढची परीक्षा हाय. पण माझा कागद फाईलीतनं निगंपर्यंत कुणाला सांगायचा नाय. जमल?"

तिने पासवर्ड सांगितला. मी तो कुठेही लिहून ठेवलेला नाही. दुसऱ्याच दिवशी मी माझ्या सहीचा जबाब दिला: भोकं मी बुजवली, मजकूर मी सांगितला, लॅब तिने उभी केली. क्लार्क घेत नव्हता, मी त्याच्या टेबलावरून हललो नाही. आता रोज सकाळी मी लॅबमध्ये जातो, एकेका मशीनपुढे बसतो, कीबोर्डवर हाताचा आडोसा धरून पासवर्ड टाकतो आणि मुलींना बसवतो. दिपेशभाऊ येतात, गोड बोलतात, मग पेन्शनच्या कागदांवरून दम देतात. मेहुणा मागे उभा राहून माझ्या बोटांकडे टक लावून बघत असतो.

दिपेशभाऊ पासवर्ड विचारतात. मी म्हणतो, "आधी रखमी मॅडमचा कागद काढा."

कागद अजून फाईलीत आहे. पासवर्ड मी अजून सांगितलेला नाही.