जावयाच्या एन्ट्रीचं संगीत

लाजेनं माणूस मरत असता, तर माझ्या सासऱ्यांनी मला लग्नाआधीच पोचवलं असतं. हरिहरेश्वरच्या अलीकडे, किनाऱ्याला अगदी लागून त्यांचं घर. धंदा मासळीचा, जोडीला पर्यटकांना खोल्या भाड्यानं, आणि वेड सिनेमातल्या पार्श्वसंगीताच्या तबकड्यांचं. गाण्यांच्या नव्हे हं! "गानी काय, कोनपन जमवतो," असं म्हणायचे. "मानूस दारातून आत येतो तवा मागं काय वाजतं, ते जमवायला डोकं लागतं." मासळीच्या टेम्पोतून मुंबईला जायचे आणि येताना बर्फाच्या रिकाम्या पेटीतून जुन्या बाजारातल्या तबकड्या घेऊन यायचे. त्यामुळे त्या घरात करुण रसालासुद्धा बोंबलांचा वास होता.

बरं, जमवून गप्प बसावं ना! नाव नको. घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या लायकीचं संगीत. पर्यटकांनी खोलीच्या भाड्यात घासाघीस केली, की खलनायकाचा अड्डा. सासूबाई बाजारातून तणतणत आल्या, की वादळ. शेजारचे आजोबा वारले तेव्हा यांनी खिडकी उघडून अशी व्हायोलिनं सोडली, की रडून दमलेल्या बायका पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. थोरल्या जावयाला पोलीस इन्स्पेक्टरची एन्ट्री. वास्तविक तो म्हसळ्याला डेअरीत दूध मोजतो. आणि मी मुलगी बघायला गेलो, उंबऱ्यावर पाय ठेवला मात्र, तोच "ढँप ढँप ढुर्रर्र!" विनोदी नटाची एन्ट्री! पोहे घेऊन आलेली मुलगी तोंडाला पदर लावून परत आत पळाली. लग्न जमलं, पण ते ढँप ढँप जन्माचं चिकटलं.

एकदा न राहवून सासऱ्यांना म्हणालो, "मामा, एकदा तरी हिरोची लावा की!"

त्यांची सगळ्यात लाडकी तबकडी ती. लग्नातल्या फेट्यात गुंडाळून कपाटात ठेवलेली. आमदार जेवायला आले तरी काढली नव्हती. मामा म्हणाले, "हिरोची एकच हाय. घर सोडून गेलेला पोरगा परत येतो, तवाची. तुम्ही कुठं गेलाय? दर महिन्याला तर इथं ताटावर हाय!"

पुढे आमच्या ऑफिसच्या साहेबांना मी हौसेनं सुरमई खायला घेऊन गेलो. वाटलं, परक्या माणसासमोर तरी अब्रू राखतील. कसचं काय! ढँप ढँप. साहेब पोट धरून हसले, आणि ऑफिसात शिपाईसुद्धा मला बघून तोंडानं ढँप ढँप करू लागला. त्या दिवसापासून मी सासुरवाडीला जाणंच टाकलं. बायको जायची, मला कधी ताप, कधी मिटिंग.

यंदा बायकोच म्हणाली, "बाबा तुमची वाट बघतात हो." गेलो. फाटकाशीच सासूबाईंनी गाठलं आणि हळूच म्हणाल्या, "त्यांना कायपन ऐकू येत न्हाय आता. कुनाला बोलू नका, लाजतात."

ज्या माणसाची लाज वाटून मी घरी बसलो, तो इथं आपलीच लाज लपवत बसला होता.

खिडकीतून त्यांनी मला बघितलं. लगबगीनं उठले, कपाट उघडलं, सुई टेकवली. ढँप ढँपच्या तयारीनं मी डोळे घट्ट मिटले. काहीच नाही. खिडकीपर्यंत जाऊन बघतो, तर तबकडी फिरतेय, स्पीकरची वायर सुटून खाली पडलीय, आणि खाटेवर लग्नातला फेटा मोकळा पसरलाय.

मामा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. "वाजतंय ना?"

मी जोरजोरात मान डोलावली. मग परत फाटकाशी गेलो, छाती काढली, पालीहून आणलेली पेढ्यांची पिशवी सावरली आणि हिरोसारखा सावकाश अंगण चालत आलो. कुंपणाशी शेजारच्या बायका खो-खो हसत होत्या. हसू देत. उंबऱ्याशी पोचलो, तर मामांनी हात वर केला.

"थांबा. पुरी होऊ द्या."

मान सारखी खाली जायला बघत होती. ती कशीबशी वर धरून, तबकडी संपेपर्यंत मी उंबऱ्यावर उभा राहिलो.