बापटांची शांत खाडी

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. बोटीच्या तळाला कालवं चिकटतात तसे ते आपले चिकटत राहतात, आणि बोट पाण्याबाहेर काढली की आपण म्हणतो, अरे बापरे, एवढे? परवा शिर्केचा फोन आला. तासभर आम्ही दोघं फक्त बापटांबद्दल बोललो. खूप हसलो. मग शेवटच्या ट्रिपचा विषय निघाला. "चल, ठेवतो," म्हणाला आणि ठेवला त्याने.

तर बापट. मूळचे पुण्याचे, पण बावीस वर्षं शारजात. आधी इंडस्ट्रियल एरियात, मग कंपनी हमरिया फ्री झोनला गेली तेव्हा तिथे. काम एकच, कंप्रेसर हॉल सांभाळायचा. सहा कंप्रेसर, दिवसभर घणघणणारे. मी त्याच कंपनीत परचेसला, शिर्के मेंटेनन्सला. बापट आमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, म्हणून आम्ही त्यांना "अहो बापट" म्हणायचो आणि ते आम्हाला "अरे गाढवांनो".

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. "एक तास. कानावर काहीही पडू नये. बस, मग मी पुण्याला जायला मोकळा." एवढंच! साठी झाली की व्हिसा खलास, म्हणजे मुदतही ठरलेली. आणि या एका तासापायी आमचे पाच वर्षांचे शुक्रवार गेले.

* * *

सुरुवात एका गोऱ्याने केली. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर होता, देश सोडून चालला होता. जाताना त्याने आपली बावीस फुटी, शिडाची, छोटीशी केबिन असलेली जुनी बोट बापटांच्या गळ्यात मारली. चार हजार दिरहम!

"म्हणजे आपले चव्वेचाळीस हजार!" मालती वहिनी ओरडल्या. "अहो, तेवढ्यात माझ्या पाटल्या झाल्या असत्या!"

"पाटल्या वाजतात," बापट म्हणाले.

बोटीबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक फुकट आलं. ग्रीसच्या बेटांच्या किनाऱ्याने बोट घेऊन निघालात तर नांगर कुठे टाकावा, दुरुस्तीचं यार्ड कुठे सापडेल, याचं. प्रत्येक खाडीची माहिती. तळाला वाळू की चिखल, वारा कुठून, किनाऱ्यावर हॉटेलं किती. आणि काही खाड्यांपुढे नुसतं लिहिलेलं, "क्वाएट". बापटांनी त्या प्रत्येक शब्दाखाली लाल पेनने रेघ मारली. ग्रीसला जायचं म्हणत होते. पण दर वर्षी कंपनीचं तिकीट पुण्याचं, आणि मुलीचं, केतकीचं, कॉलेज तोंडावर. मग त्यांनी ठरवलं, पुस्तक ग्रीसचं असलं तरी समुद्र तो समुद्रच. नियम इथेही लागू!

वहिनींनी नारळ फोडला आणि बोटीचं नाव ठेवलं "निवांत". मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की नाव बदला.

* * *

पहिला नियम. पुस्तकात म्हटलं होतं की ज्या खाडीत एकच छोटं हॉटेल असेल ती निवडावी, मालक प्रेमळ असतो आणि गर्दी नसते. बापटांनी गाडीने किनारा पालथा घातला आणि उम्म अल कुवैनच्या बाजूला बरोब्बर एकच हॉटेल असलेली खाडी शोधून काढली.

हॉटेल म्हणजे पत्र्याची कॅफेटेरिया. मालक केरळचा आणि खरंच प्रेमळ. इतका की आम्ही नांगर टाकलेला पाहून त्याने आमच्या स्वागतासाठी लाउडस्पीकर पाण्याकडे फिरवला. हिंदी गाणी! एकामागून एक!

शिर्के कमरेएवढ्या पाण्यातून चालत जाऊन त्याला सांगून आला, "भाईसाब, आवाज कम करो." तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम, सर," आणि गाणी बदलून मराठी कॅसेट लावली. आमच्यासाठी खास. ढोलकीसकट.

* * *

मग वहिनी म्हणाल्या, हॉटेलच नको, मी जेवण करते बोटीवर. बापट खूश. खारफुटीच्या आतली जागा मिळाली, चिटपाखरू नाही. बापट डोळे मिटून बसले. दहा मिनिटं झाली. मलासुद्धा वाटलं, झालं बुवा या माणसाचं काम.

फुस्स्स!

वहिनींनी खिचडीचा कुकर लावला होता.

"मालती!"

"अहो, तिसरी झाली की बंद करते. डाळ कच्ची राहील."

तिसरी शिट्टी झाली, आणि खारफुटीपलीकडून मराठीत हाक आली, "वहिनीऽऽ, खिचडी का?" पलीकडच्या वाळूवर दोन मराठी कुटुंबं पिकनिकला आली होती. "शिट्टी ऐकली आणि म्हटलं, आपलीच माणसं!" नऊ जण आले. खिचडी संपवली, पापड मागितले आणि संध्याकाळपर्यंत भेंड्या खेळले.

बापट केबिनमध्ये दार लावून बसले होते. त्या दिवशी मी त्यांचा चेहरा पाहिला आणि पहिल्यांदा मला हसू आलं नाही.

* * *

बोटीचा तळ खरवडून रंगवायचा म्हणून ती अजमानच्या एका यार्डात काढली. ग्रीसच्या पुस्तकातले यार्डवाले वेळ पाळणारे, झाडावरची अंजिरं आणून देणारे. आमचा फोरमन कोया म्हणाला, "दो दिन, इन्शाल्ला."

पाच महिने!

दर शुक्रवारी आम्ही जायचो. बोट पिंपांवर चढवलेली, चारही बाजूंनी ग्राइंडर, हातोडे, शेजारी लाकडी गलबत ठोकताहेत, डोकं फुटायची वेळ. मी कोयाशी भांडायचो, शिर्के माझ्याशी भांडायचा. आणि बापट? शिडी लावून पिंपांवरच्या त्या बोटीत चढायचे आणि पुस्तक घेऊन बसायचे. कोया काळा चहा वर पाठवायचा.

"अहो बापट, शांतता पाहिजे म्हणून जीव काढता आमचा, आणि या गोंगाटात काय बसलाय?"

"का कोण जाणे रे," ते म्हणाले, "इथे मला बरं वाटतं."

शिर्के मला बाजूला घेऊन म्हणाला, "उन्हाने सटकलेत." मीही मान डोलावली.

* * *

बोट सुटली एकदाची. आता दुबईच्या बाजूला जाऊ, बापट म्हणाले. गोऱ्याने दिलेला सागरी नकाशा उघडला. किनाऱ्यापासून थोडं आत, खोली सात मीटर, तळाला वाळू, जवळपास काही नाही. कोस्ट गार्डची परवानगी, डिझेल, पाणी, सगळा जामानिमा करून पहाटेच निघालो.

नकाशाप्रमाणे पोचलो. शिर्के ओरडला, "बापट, जमीन!"

"कसली जमीन? सात मीटर पाणी आहे."

"अहो, त्या सात मीटरवर बुलडोझर फिरतोय!"

खरंच फिरत होता. समुद्रात बेट तयार करत होते. ड्रेजरच्या जाड पाइपातून वाळूचा फवारा उडत होता, आणि आवाज म्हणजे विचारू नका. एक गार्ड स्पीडबोटीतून आला. "यल्ला यल्ला, रूह!" चला, निघा, असा हात हलवत. बापटांनी त्याला नकाशा दाखवला. बिचाऱ्याने खरंच पाहिला. मग म्हणाला, "हबीबी, धिस ओल्ड सी."

बापटांनी नकाशाची घडी घातली. "समुद्रच बुजवला रे," एवढंच म्हणाले.

* * *

मग रास अल खैमाच्या वरची एक खाडी. नवी जागा, ड्रेजर नाही, हॉटेल नाही, आणि वहिनींनी कुकरऐवजी दशम्या आणल्या होत्या. शिर्केने इंजिन बंद केलं. मी कान देऊन ऐकलं. काही नाही! मी मनात म्हटलं, जिंकलो.

"जनरेटर आहे कुठेतरी," बापट म्हणाले.

"नाही हो."

"आहे. बारीक आहे, पण सारखा आहे."

आमच्या कानांना काही लागत नव्हतं. पण बावीस वर्षं मशीनरीत काढलेला माणूस, नुसत्या आवाजावरून कोणत्या कंप्रेसरचं बेअरिंग गेलंय ते सांगणारा. मी आणि शिर्के किनाऱ्यावर उतरलो. अर्धा तास तंगडतोड केल्यावर खजुराच्या बागेमागे एक शेड, आणि शेडमध्ये खरोखर जनरेटर!

"मानलं!" शिर्के म्हणाला. "काय कान आहेत!"

तिथल्या पठाण वॉचमनला म्हटलं, थोडा वेळ बंद कर. तो म्हणाला, "साब, ये तो एक महीने से खराब पड़ा है."

शिर्के म्हणाला, "खोटं बोलतोय. आम्हाला पाहून बंद केला असणार." मी तर जनरेटरला हात लावून पाहिला होता, गार होता. तरी मीही म्हणालो, हो, खोटं बोलतोय. बोटीवर येऊन सांगितलं, बंद केला म्हणून. बापटांनी मान हलवली. "नाही केला," म्हणाले.

* * *

साठी आली. कंपनीने पत्र दिलं, केक कापला. पुण्याचं तिकीट महिनाअखेरचं. बोटीला गिऱ्हाईक मिळालं होतं, शनिवारी घेऊन जाणार होतं. राहिला एक शुक्रवार.

गुरुवारी मी त्यांच्या घरी गेलो तर सगळीकडे खोके. टीव्ही इतका मोठा लावलेला की वहिनींना माझ्याशी ओरडून बोलावं लागत होतं. "हल्ली टीव्हीशिवाय झोपच येत नाही यांना. आता पुण्यात फ्लॅट कुठे, तर कर्वे रोडवर! तिथे कसली शांतता? भाऊजी, उद्या काहीही करा, पण त्यांना एक तास मिळू दे हो. मला पाटल्या नकोत, काही नको." आणि त्या एकदम रडायलाच लागल्या. खोक्यात भांडी भरता भरता.

केतकी दारात उभी होती. बापट तिला म्हणाले, "चल उद्या."

"बाबा, आय हॅव अ टेस्ट टू स्टडी फॉर. अँड यू नो इट, राइट? देअर इज नो सच प्लेस इन धिस कंट्री."

बापट हसले. हसले म्हणजे तोंड तेवढं हललं. मला त्या पोरीचा राग आला, आणि ती बरोबर बोलतेय याचा जास्त आला.

* * *

शेवटचा शुक्रवार. शिर्केने बोट ट्रेलरवर घालून डोंगर ओलांडून पूर्व किनाऱ्याला नेली. खोर फक्कानच्या वर एक खाडी त्याने स्वतः दोनदा जाऊन, चालून, ऐकून पाहिली होती. आम्हाला बोलला नव्हता. उभे कातळ, गाडीरस्ता नाही, फक्त समुद्रातून जाता येतं. पुस्तकात ज्यांच्यापुढे लाल रेघ होती ना, अगदी तशी. वर कड्यावर दोन बकऱ्यासुद्धा!

अकरा वाजता नांगर टाकला. इंजिन बंद. वहिनींनी बांगड्या काढून रुमालात गुंडाळल्या. शिर्केसारखा बडबड्या माणूस तोंडावर हात ठेवून बसला. वारा पडलेला. पाणीही बोटीला लागत नव्हतं. इतक्या वर्षांत या देशात मी असं काही ऐकलं नव्हतं, म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. मी मनातच म्हटलं, देवा, दिलंस एकदाचं.

बापट पुढच्या टोकाला बसले होते, आमच्याकडे पाठ करून. डोळे मिटलेले असणार. पाच मिनिटं. दहा मिनिटं. वहिनींनी माझा हात घट्ट धरला होता.

मग ते वळले. अगदी हळू, आर्जवाने म्हणाले, "शिर्के, तो कंप्रेसर कुणाचा चालू आहे रे? जरा जाऊन बंद करायला सांग ना."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शिर्के, जो या माणसाशी पाच वर्षं प्रत्येक गोष्टीवरून वाद घालत आला होता, तो उठला. "हो, आहे खरा," म्हणाला. "बघून येतो." कपड्यांसकट पाण्यात उतरला, पोहत किनाऱ्याला लागला आणि कातळामागे दिसेनासा झाला.

चांगली पंधरा मिनिटं तो तिथेच राहिला. मग बाहेर आला, दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "केला बंऽऽद!"

बापटांनी मान तिरकी केली. खूप वेळ ऐकत राहिले. मग किनाऱ्याकडे तोंड करून त्यांनीही हाताचा कर्णा केला.

"शिर्केऽऽ! अजून एक चालू आहे रे!"